भटू, तुझी ती संध्याकाळ हिरवी होती

भटू,

तुझ्या दारावर भेटायला आलेल्या माणसांनी माझे फार हाल केले रे. लोक माझं सांत्वन करायला यायचे आणि मी पदर तोंडात कोंबून हसू दाबत बसायची. जो येई तो तुझ्या फोटोला हात जोडी, माझ्या शेजारी सतरंजीवर टेके, उसासा टाके आणि म्हणे, “काय नजर होती हो भटूभाऊंची रंगांची!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निभावलं. दुसऱ्यांदा खोकल्याचं निमित्त केलं. मग तुमचे नाटकवाले पवार सर आले. चष्मा पुसत म्हणाले, “अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात रंगाची एवढी जाण असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.” तेव्हा माझे खांदेच हलायला लागले. तुझी वैशाली बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “आक्का, सांभाळा स्वतःला.”

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? ज्या माणसाला लाल मिरची आणि हिरवी मिरची यांतला फरक जन्मभर कळला नाही, त्याच्या रंगांच्या नजरेसाठी लोक डोळे पुसत होते. आणि हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आपण दोघं अहिराणीत भांडलो, अहिराणीत हसलो. पण लिहायला बसलं की हात शाळेतल्या मराठीकडे वळतो. चालवून घे. तुझं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवते, ते सरळ करायला गेले तर तू राहणार नाहीस त्यात.

मिरचीपासूनच सुरुवात झाली होती ना सगळ्याला. तोडणीचे दिवस. मायने तुला पाटी दिली आणि सांगितलं की पिकलेली तेवढी तोड. तू मन लावून पाटी भरून आणलीस आणि मायपुढे रिकामी केलीस. निम्म्या मिरच्या हिरव्यागार.

“लाल तोडाले सांगं व्हतं ना तुले? हाई काय भरी लयना?”

“मी लालच तोड्यात वं माय.”

मायने त्याच पाटीने तुझ्या पाठीत दिली. सगळ्यांना वाटलं पोरगं कामचुकार आहे. मला मात्र तुझं तोंड बघून वाटलं की हा खोटं बोलत नाहीये. मग गोठ्यामागे नेऊन मी माझ्या हातातल्या दोन बांगड्या तुझ्यापुढे धरल्या, एक लाल, एक हिरवी. तू त्या उलटसुलट केल्यास, वास घेतलास, आणि म्हणालास, “आक्का, दोन्ही सारख्याच शेतस ना?” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तुला कळलं की नसाव्यात. “कोन्ले सांगजो नको. पोरं मले आंधया म्हनतीन.” मी शपथ घेतली. इतकी वर्षं पाळली. आज ही शपथ मोडतेय ती तुझ्यापाशीच, म्हणजे मोडली असं होत नाही.

खांडबाऱ्याच्या मावशीकडे सुट्टीत गेलो की तू स्टेशनावरच बसलेला असायचास. सुरतेकडे जाणारी गाडी आली की उभा राहून सलाम करायचास. इंजिन चालवायचं होतं तुला. रेल्वेच्या डोळ्यांच्या तपासणीत त्यांनी रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली आणि त्यातले आकडे वाच म्हणाले. परत आल्यावर तू मला म्हणालास, “आक्का, बठ्ठास्ले आकडा दिसनात, मले नुसता ठिपकाच दिसनात.” घरात मात्र सांगितलंस की उंची कमी पडली. घरात सगळ्यांत उंच तू! बाबा कितीतरी दिवस दरवाज्याच्या चौकटीशी तुला उभं करून बघायचे आणि पुटपुटायचे, “रेल्वेले कितला उंच पोरं लागतस भो?”

मग तू इक्बालचाचांकडे गेलास. मंडप, माईक आणि लाईटचा त्यांचा धंदा, बापापासून चालत आलेला. तिथे तुला कुणी रंग विचारले नाहीत, कारण तेव्हा दिव्यांवर लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद असायचे आणि तू मला विचारून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात बॉलपेनने अक्षर लिहून ठेवायचास. ‘ल’, ‘हि’, ‘नि’. चाचांना वाटायचं, काय व्यवस्थित पोरगा आहे! असा व्यवस्थितपणा करत करत तू नाटकांची, गॅदरिंगची, लग्नांची प्रकाशयोजना करणारा भटूभाऊ झालास. मला दुकानात बसून बातम्या कळायच्या आणि हसू यायचं. पुढे कौतुकही वाटायला लागलं, पण ते तुला सांगायचं राहूनच गेलं.

एका दुपारी तू दुकानात आलास ते घामाघूम. काखेत लॅपटॉप, हातात एक एलईडी दिवा. माझं मॅचिंग सेंटर तेव्हा रिकामं होतं, मी परकरांच्या घड्या घालत होते.

“आक्का, दुकान बंद कर थोडं.”

“काबरं? कोण मरनं?”

“मी. आते मरी जासू.”

चाचांनी सुरतेहून नवे दिवे आणले होते. आता जिलेटिन नाही, कागद नाही, कोपरा नाही. एकच दिवा हवा तो रंग देणार आणि तो रंग लॅपटॉपवर ठरवायचा. तू झाकण उघडून मला दाखवलंस. पडद्यावर एक गोल चाक होतं, इंद्रधनुष्य फिरवून चिकटवल्यासारखं. मला तर बघूनच बरं वाटलं. “तुला काय दिसतं यात?” असं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, “मग अडचण काय?” तू म्हणालास, निळा कळतो, पिवळा कळतो, बाकीचा सगळा चिखल. आणि चार दिवसांनी पवार सरांच्या नाटकाची तालीम, लाईटसकट.

मग तूच उपाय सांगितलास, कारण उपाय शोधूनच आला होतास. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीसेट नावाची सोय होती. रंग एकदा नीट जुळवायचा, एका चौकोनात साठवायचा, त्याला नाव द्यायचं. नंतर रंगाकडे बघायचं कामच नाही, नाव दाबायचं.

“म्हणजे आमचं शेडकार्ड,” मी म्हटलं.

“हां! शेडकार्ड. तू सांग, मी भरस.”

आपण ट्यूबखाली ब्लाउजपीस ठेवला आणि समोर पांढरं पॉपलिन टांगून त्यावर तुझा दिवा सोडला. लॅपटॉपवर तीन दांडे होते, वरखाली होणारे. पहिला लाल, मधला हिरवा, शेवटचा निळा. मी कापडाकडे आणि पॉपलिनकडे आळीपाळीने बघायची आणि ओरडायची.

“लाल चढव. अजून. बस! बस म्हटलं ना! आता हिरवा उतरव.”

“हिरवा कोनता?”

“मधला!”

असे आपण राणी, गाजरी, अबोली, रामा, मोरपंखी, लिंबू, चिंतामणी सगळे भरले. आमसुलीपाशी गाडी अडली. कितीही दांडे हलवले तरी आमसुली होईना. कधी नारिंगी, कधी मातकट गुलाबी. मी तुला वेंधळा म्हटलं. तू चिडून म्हणालास, “दिव्याले काया रंग नही ऱ्हास आक्का. कापडमा काया मिसळता येस, उजेडमा कसा मिसळशी?” काळा उजेड नसतो हे मला पटलं, पण मी कबूल केलं नाही. शेवटी जो काही मळकट रंग निघाला त्यालाच आमसुली म्हणून टाकलं, आणि पुढे कित्येक ऐतिहासिक नाटकांतले तुरुंग त्याच मळकट रंगात उजळले.

मधेच नवापूरची एक बाई फॉल आणि ब्लाउजपीस घ्यायला आली. तू दिवा बंद करायला विसरलास. तिने त्या राणी उजेडात मॅचिंग करून कापड नेलं आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून भांडायला आली. “वं बाई, दुकानमा निया व्हता, घर लई गऊ ते हिरवा व्हई गया!” मी तिला दोन निळे पीस फुकट दिले. तू म्हणालास, हिला प्रीसेट समजावून सांगू का? मी म्हटलं, तू मागच्या दाराने जा.

नावं देवनागरीत लिहिली की पडद्यावर नुसत्या डब्या उमटायच्या, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिली. पवार सर तालमीला तुझ्यामागे येऊन उभे राहिले आणि त्यांना चौकोनात ‘राणी’ हे नाव दिसलं. नाटकात एक राणी होती. सरांना वाटलं, भटूने राणीच्या प्रवेशासाठी खास लाईट करून ठेवलाय. भारावून म्हणाले, “शोकाच्या प्रवेशात राणी आली की हेच दाबा.” तू नावाला जागलास. राजाच्या प्रेतावर पडून राणी हंबरडा फोडतेय आणि सगळा मंच गुलाबी, वरातीत असतो तसा. सर किंचाळले. तू शांतपणे म्हणालास, “तुम्हीच म्हटलं ना राणी आली की राणी.”

पण मला सांगायचंय ते पुढच्या वर्षीचं. स्पर्धेचं नाटक होतं आणि सरांनी दोन दिवस आधी शेवटचा प्रवेश बदलला. आता म्हातारा बाप अंगणात मुलाची वाट बघत बसतो आणि संध्याकाळी तिथेच प्राण सोडतो. संध्याकाळ हवी होती. आपल्या शेडकार्डात संध्याकाळ नव्हती. मी खांडबाऱ्याला मावसबहिणीच्या लग्नात. तू फोन केलास तेव्हा बँड इतका जोरात होता की मला वाटलं तू ‘जेवलीस का’ विचारतोयस. मी ओरडले, “हो, झालं, मस्त झालं!” तू समजलास की मी परवानगी दिली.

मग तू एकट्याने केलंस. गच्चीवर दिवा नेलास, दोरीवर पांढरी चादर टाकलीस आणि खऱ्या संध्याकाळी आभाळाकडे बघत बघत, दांडे हलवत, आभाळ आणि चादर अगदी सारखी दिसेपर्यंत बसून राहिलास. तुला ती सारखी दिसली. तू साठवलीस. नाव दिलंस.

स्पर्धेच्या दिवशी मी लग्नाहून थेट सभागृहात आले. दुपारचा प्रयोग. शेवटचा प्रवेश सुरू झाला आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेच. सगळं अंगण हिरवं. शेवाळ धरलेल्या हौदाच्या तळाशी असावं तसं. म्हाताऱ्याचं काम करणारा तुमचा तो बँकेतला हिरामण. त्याने स्वतःचे हात बघितले, हिरवे झालेले, आणि तो इतका घाबरला की मरण त्याने केलंच नाही, त्याला ते आलंच. पडदा पडल्यावर तो आधी हात धुवायला पळाला म्हणे.

संध्याकाळी निकाल. तू माझ्या शेजारी बसला होतास. परीक्षक उठून म्हणाले, “प्रकाशयोजनेचं पहिलं पारितोषिक त्या हिरव्या संध्याकाळला. असं धाडस आम्ही अपेक्षिलं नव्हतं.”

टाळ्या वाजत होत्या. तू माझ्याकडे वाकलास. “आक्का, हिरवी का म्हनी ऱ्हायना तो?”

“हिरवीच होती भटू.”

तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस. मग उठलास, शर्ट नीट केलास आणि असा चालत गेलास मंचावर, जणू संध्याकाळ हिरवी करायचं तू लहानपणीच ठरवलं होतंस.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं, जे तू अर्धवट टाकून गेलास. मी म्हणायची, आता तो चौकोन उघड, मधला दांडा खाली घे, दोन मिनिटांचं काम आहे. तू म्हणायचास, नाही. मी म्हणायची, संध्याकाळ हिरवी नसते. तू म्हणालास, “तुन्ही नसीन. मन्ही शे.” आणि ती संध्याकाळ तू लग्नांतही लावायला लागलास! नवापूरला कोंबड्यांचे मोठमोठे शेड असलेल्या त्या माणसाच्या मुलीचं लग्न आठवतं? नवरदेव-नवरी स्टेजवर, वर तुझी बक्षीसपात्र संध्याकाळ. नवरीचा बाप धावत आला, “अरे, पोरगी बिमार दिसी ऱ्हायनी! बंद कर ते!” तू त्याला स्पर्धेचं सांगायला लागलास. चाचांनी मेन स्विच पाडला म्हणून वाचलास.

दुसरं भांडण वैशालीवरून. तिला सांगून टाक, मी दरवर्षी म्हणायची. तिच्या साड्या तू आणायचास आणि निवडायची मी; ती माझ्यासमोरच पदर पसरून म्हणायची, “यांची निवड बघा आक्का.” मी दुकानदार बाई, मला स्वतःच्या निवडीचं दुसऱ्याच्या नावावर कौतुक ऐकून घ्यावं लागायचं. एकदा तू फुशारकी मारत एकटा सुरतेला गेलास आणि डाळिंबी म्हणून शेवाळी साडी घेऊन आलास. तिने ती दिवाळीला नेसली. तू म्हणालास, डाळिंबी तिला काय शोभते! ती हसली. मी लाडू घशात अडकून मरायची राहिले. तरी तू सांगायला तयार नव्हतास. “तिले वाटस मन्ही पसंद भारी शे. ऱ्हाऊ दे ना आक्का तेवढं.”

ते राहिलं. तू नवीन मंडपाच्या खांबाला टेकून बसलास, चाचांना म्हणालास जरा दम खातो, आणि संपलं.

दिवसकार्य उरकल्यावर वैशाली दुकानात आली. ती शाळेत शिकवते, बोलते आपल्यापेक्षा सरळ. तिने तुझा लॅपटॉप काउंटरवर ठेवला. त्यांच्या शाळेचं गॅदरिंग तू कबूल केलं होतंस. चाचा म्हणाले, बाहेरून ऑपरेटर आणू. ती म्हणाली, मी करते.

“मला ते चौकोन समजावून सांगा आक्का. नावं तुमच्या दुकानातली आहेत, एवढं कळलं.”

मी झाकण उघडलं. राणी, गाजरी, अबोली. सांगत गेले. बोट संध्याकाळवर आलं आणि मी अडखळले. “हा जरा... हा तू वापरू नकोस. म्हणजे यात थोडं...”

“हिरवा आहे. माहिती आहे.”

“नाही, तसं नाही, भटूला ना...”

“तेही माहिती आहे.”

मी स्टूल ओढून बसले. ती म्हणाली, “मला बघायला आले होते ना, तेव्हा दोन मिनिटं एकटं बोलायला दिलं होतं. मला म्हणाले, लाल साडी तुम्हाला छान दिसते. मी हिरवी नेसले होते. मला वाटलं, घाबरलेत बिचारे. लग्न झाल्यावर बघते तर रोजच घाबरलेले.”

“मग कधी बोलली का नाहीस ग?”

“तुम्ही एवढ्या हौसेने साड्या निवडून द्यायच्या. मी बोलले असते तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं.”

म्हणजे बघ. आम्ही दोघी तुझं गुपित एकमेकींपासून जपत होतो, आणि तू मधे बसून लाडू खात होतास. मला तुझा इतका राग आला, भटू, आणि इतकं रडू आलं, त्या दिवशी पहिल्यांदा. गिऱ्हाईक पायरीवरूनच परत गेलं.

गॅदरिंगची रंगीत तालीम दुपारी होती, दारं-खिडक्या बंद करून. मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गेले. आज पहिल्यांदा तुझ्या जागेवर धड डोळ्यांचं माणूस बसणार होतं, मला उत्सुकता होती. वैशालीने सगळं वापरलं. पोरींच्या नाचाला राणीवर मोरपंखी, त्यावर लिंबू, कोपऱ्यातून गाजरी. मला तर माझं दुकानच मंचावर मांडल्यासारखं वाटलं, मी खूश. इक्बालचाचा मात्र डोक्यावरची टोपी मागे सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बेटी, रंग तो बहोत है. बच्चे कहाँ है?”

खरंच नव्हते दिसत. घागरे दिसत होते, ओढण्या दिसत होत्या. पोरींची तोंडं कुठेतरी रंगात बुडाली होती. मला त्याक्षणी तुझी सगळी नाटकं आठवली. इतकी बघितली, प्रत्येक वेळी मी रंगांतच चूक शोधत बसले. पण कुठल्याच नाटकात कुणाचं तोंड अंधारात गेलेलं मला आठवेना. त्या हिरव्या अंगणातसुद्धा नाही. हिरामणच्या डोळ्यांतली भीती मागच्या रांगेत बसून मला दिसली होती.

 वैशालीने पर्समधून फोन काढला, कॅमेरा उघडला, काहीतरी बदललं आणि फोनमधून मंचाकडे बघायला लागली. मी वाकून बघितलं. फोनमधला मंच काळा-पांढरा होता.

“यांना असं दिसत नव्हतं, ते माहितीये मला,” ती म्हणाली. “निळं-पिवळं त्यांना चांगलं कळायचं. पण रंग काढून टाकल्याशिवाय मला बाकीचं दिसत नाहीये.”

मग तिने पुढच्या दोन दिव्यांचा उजेड वाढवला. फोनमध्ये बघितलं. मागचा मोरपंखी उतरवला. परत बघितलं. चाचा तिच्यामागे येऊन उभे राहिले. पोरी नाचायच्या थांबून आपापसात खुसपुसत होत्या. तिने त्यांना हाताने खूण केली, नाचा म्हणून, आणि फोन माझ्या हातात दिला.

“बघा आक्का.”

मी बघितलं. राणी नव्हता, रामा नव्हता, माझ्या ओळखीचं काहीच नव्हतं त्यात. नुसती पोरींची तोंडं होती, एकेकीचं वेगळं. एकीचे दात पडलेले. एक पावलं मोजत होती, ओठ हलत होते तिचे. टोकाला उभी असलेली एक जण दाराकडे बघत होती, कुणाची तरी वाट बघत असावी.

वैशालीने फोन परत घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही, भटू. मला अजून थोडा वेळ बघायचं होतं.